वसईच्या जुन्या चर्चांच्या जुबिली समित्यांना खुले पत्र

प्रति,
वसई धर्मप्रांतातील जुन्या धर्मग्रामांचे (पॅरिशचे) प्रमुख धर्मगुरू, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि जुबिली समित्या यांस

सप्रेम नमस्कार.

सोळाव्या शतकात उभ्या राहिलेल्या आपल्या चर्चांची साडेचारशेवी वर्षे एकापाठोपाठ एक येत आहेत. समिती नेमली जाते, सणाची तारीख ठरते आणि त्या तारखेच्या आत दोन कामं उरकायची असतात: स्मरणिका आणि डागडुजी. दोन्ही एकाच वर्षात, पण वेगवेगळ्या माणसांकडे. डागडुजीवाले जानेवारीत गिलावा उतरवतात, फरशी उखडतात, आल्तार म्हणजे वेदी घासायला काढतात. स्मरणिकावाले पावसाळ्यात कधीतरी इतिहास शोधायला बसतात. तोवर जो इतिहास वाचायचा तो राडारोड्याबरोबर डंपरमधून गेलेला असतो. मग गेल्या जुबिलीच्या स्मरणिकेतले चार परिच्छेद पुन्हा छापले जातात आणि त्यातल्या चुकाही.

म्हणून हे पत्र. आधी नोंद, मग लेखन, मग दुरुस्ती, एवढा क्रम पाळा आणि नोंदीला स्वतंत्र एक वर्ष द्या. हे का आणि कसं, ते पुढे सविस्तर लिहितो.

पहिला घोळ स्थापनेच्या सालाचा असतो. वसईच्या कोटात सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी दारावर एक शिलालेख आहे. साल आहे १६०१, गोव्याचे आर्चबिशप म्हणून आलेशु द मेनेझिस यांचं नाव आहे, तेव्हाच्या व्हिकरचं, म्हणजे चर्चच्या प्रमुख धर्मगुरूचंही आहे. हा दगड पाहून अनेक जण चर्च १६०१ चं असं लिहून मोकळे होतात. पण लेखात १६०१ हे चर्चच्या नूतनीकरणाचं साल म्हणून दिलं आहे. मूळ चर्च त्याच्या अर्धशतक आधीपासून तिथे होतं. आपल्या प्रत्येक चर्चच्या बाबतीत अशी निदान चार सालं वेगळी काढावी लागतात. धर्मगुरू पहिल्यांदा त्या गावात येऊन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करू लागले ते साल. पहिली इमारत बांधली ते साल. स्वतंत्र धर्मग्राम म्हणून मान्यता मिळाली ते साल. आणि आज उभी असलेली इमारत किंवा तिचा दर्शनी भाग बांधला ते साल. दारावरचा दगड बहुधा शेवटचं सांगतो, स्मरणिका पहिलं सांगते आणि कमानीवर नवा फलक लावणारा या दोहोंपैकी जुनं असेल ते उचलतो. फलकावर लिहायचंच असेल तर कोणतं साल कशाचं ते लिहा. जागा तेवढी असते.

वसईची भूमी पोर्तुगीजांकडे आली डिसेंबर १५३४ च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाकडून. त्याआधीचं साल कुणी सांगत असेल तर पुरावा मागावा. त्यानंतरही आपली चर्चं एकाच रूपात सलग उभी राहिलेली नाहीत. मे १६१८ च्या वादळाने या किनाऱ्यावरच्या चर्चांची मोठी हानी केली. १६७४ मध्ये मस्कतहून आलेल्या अरबांनी कोटाबाहेरची चर्चं लुटली. १७३७ ते १७३९ वसईची मोहीम चालली. या प्रत्येक धक्क्यानंतर कुठे छप्पर बदललं, कुठे भिंत नव्याने उभी राहिली, कुठे चर्चच जागा सोडून दुसरीकडे गेलं. 'मूळ वास्तू आजही जशीच्या तशी' हे वाक्य लिहिण्याआधी पाया, जोता, कमानी आणि छप्पर यांचं वय वेगवेगळं तपासावं लागतं.

वय ठरवायला काही सोप्या खुणा आहेत. मंगलोरी कौल १८६५ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला. छपरावरची पाच-सात कौलं उलटी करून पाहिली तर कारखान्याचा ठसा सापडतो, कधी सालही. मंगलोरी कौलाखाली सागवानी कैचीवर जवळजवळ मारलेल्या, आता रिकाम्या असलेल्या खिळ्यांच्या भोकांची रांग दिसली तर तिथे आधी नळीची कौलं होती का हे सुताराला विचारून ताडून पाहा. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा पुतळा किंवा वेदी असेल तर पाटीवरची पदवी वाचा. नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ते हुतात्मा झाले, १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं आणि संतपद मिळालं ८ जून १८६२ ला. 'संत' असं कोरलेली पाटी बहुधा त्याआधीची नाही.

तारखांचीही एक मेख आहे. पोर्तुगीजांनी ऑक्टोबर १५८२ मध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्यावरच होते. म्हणून १७३९ च्या घटनांत इंग्रजी कागद आणि पोर्तुगीज कागद यांच्यात ११ दिवसांचा फरक पडतो. वसईच्या शरणागतीची तारीख कुठे ५ मे तर कुठे १६ मे छापलेली दिसते, ती याच कारणाने. स्मरणिकेत दोन्ही तारखा वेगवेगळ्या पानांवर आल्या की वाचकाला दोन घटना झाल्यासारखं वाटतं. एक पद्धत धरा आणि कोणती धरली ते एकदा लिहा.

आता वह्यांकडे येतो. या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), लग्न आणि दफन यांच्या वह्या हा आपल्या गावांचा एकमेव सलग लिखित इतिहास आहे, आणि तो राजेरजवाड्यांचा नाही, शेतकऱ्यांचा, कोळ्यांचा, सुतारांचा आहे. लग्नाची वही ठेवण्याची सक्ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने वह्यांचे नमुने घालून दिले. आजच्या चर्चच्या कायद्यातलं कलम ५३५ प्रत्येक धर्मग्रामात दफ्तर ठेवायला सांगतं आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक सांभाळायला सांगतं. म्हणजे जुन्या वह्या जपणं हा कुणाचा छंद नाही, पॅरिशवरची जबाबदारी आहे.

या वह्या कशाने मरतात? वाळवी आणि कसर ही उघड कारणं. त्याहून जास्त नुकसान मायेने केलेल्या दुरुस्तीने होतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली की दहा-पंधरा वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर करूच नये. एकदा उष्णतेने प्लास्टिक चिकटलं की ते काढताना अक्षरं निघतात. पुन्हा बांधणी करायला दिलेली वही बाइंडर यंत्रावर तिन्ही कडांनी कापतो आणि समासातल्या नोंदी कापल्या जातात. समासातच तर खजिना असतो. १९०८ पासून लग्नाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीत, त्या माणसाच्या मूळ नोंदीशेजारी, करण्याचा नियम लागू झाला. त्यामुळे १८८० च्या दशकात जन्मलेली मुलगी १९०८ नंतर कुठल्या गावात सून म्हणून गेली हे समासातली एक ओळ सांगते. बाइंडरला वही देताना 'कडा कापायच्या नाहीत' हे लेखी द्या.

झेरॉक्सही नको. वही उपडी करून काचेवर दाबताना तिचा कणा मोडतो. त्याऐवजी कॅमेरा वापरा. स्टँडवर खाली तोंड करून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दोन सारखे दिवे, आणि वहीखाली उशा किंवा फोमचे दोन उतरते ठोकळे, म्हणजे वही १०० ते १२० अंशांपेक्षा जास्त उघडावी लागत नाही. पान ३५ बाय २२ सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल, तर एका वेळी एकच पान घेतल्यावर ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके) मिळतात. वेळ वाचवायला समोरासमोरची दोन पानं एकत्र घेतली तर घनता ३०० च्या खाली घसरते आणि पुसट शाई वाचता येत नाही. पानाच्या मागची शाई पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा, फरक लगेच कळतो. प्रत्येक वहीच्या पहिल्या फोटोत मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवा. कव्हर, कोरी पानं, मधे सापडलेल्या चिठ्ठ्या, सगळं घ्या, आणि चिठ्ठी ज्या पानांमध्ये होती तिथेच परत ठेवा.

३०० पानांच्या वहीचे टिफ फोटो सुमारे २२ जीबी होतात. ही प्रत मूळ म्हणून ठेवा, वापरायला त्यावरून जेपीजी काढा. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक चर्चच्या आवाराबाहेर, शक्यतो बिशप हाऊसच्या दफ्तरात. एकाच पेन ड्राइव्हवर सगळं ठेवून तो कपाटात टाकणं म्हणजे काम न केल्यासारखंच आहे. फाइलच्या नावात धर्मग्राम, वहीचा प्रकार, सुरुवातीचं आणि शेवटचं साल, पान क्रमांक एवढं असावं. 'स्कॅन नवीन अंतिम २' अशी नावं पाच वर्षांनी कुणालाच कळत नाहीत.

कीड लागलेली वही मिळाली तर डांबरगोळ्यांचा मारा करू नका. पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण एक दिवस राहू द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. बुरशी असेल तर मास्क लावून, आधी वही सावलीत वाळवून, मग मऊ ब्रशने. कपाट लोखंडी असावं, भिंतीपासून चार-सहा इंच पुढे, जमिनीपासून वीतभर वर, आणि सॅक्रिस्टीच्या (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीच्या) ओल येणाऱ्या भिंतीला तर कधीच लागून नको.

वाचताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पोर्तुगीज नोंदींत महिन्याचं नाव आकड्याने आखडतात: '७ब्रो' म्हणजे सप्टेंबर, '८ब्रो' ऑक्टोबर, '९ब्रो' नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या चिन्हापुढे 'ब्रो' म्हणजे डिसेंबर. सातवा महिना जुलै समजून तारखा उतरवल्या गेल्या की बाळाचा स्नानसंस्कार जन्माच्या आधी झालेला दिसतो. आडनावंही आखडलेली असतात. रॉड्रिग्जचं चार अक्षरांत, फर्नांडिसचं तीन अक्षरांत. ज्याला ही लिपी येते अशा एका माणसाने पहिली वीस पानं समितीतल्या तरुणांना बसवून वाचून दाखवावीत. हात बसला की पुढचं ते करतात. उतरवताना नाव वहीत आहे तसंच लिहा, आजच्या उच्चाराप्रमाणे सुधारू नका. 'घोन्साल्विस' कुठे कसा लिहिला आहे यावरून लिहिणारे धर्मगुरू गोव्याचे की इथले याचा अंदाज लागतो.

आणि एक सावधगिरी. या वह्यांत विवाहबाह्य जन्माच्या, दत्तकाच्या, मृत्यूच्या कारणांच्या नोंदी असतात. निदान गेल्या शंभर वर्षांतली पानं स्मरणिकेत छापू नयेत, व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. माहिती मागणाऱ्याला त्याच्या घराण्याचा उतारा द्यावा, वही हातात देऊ नये.

कागदांनंतर दगड. जुन्या चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड असतात, काही उलटे बसवलेले, काही पायरी म्हणून वापरलेले. त्यावरची ठरावीक भाषा 'हे अमुक याचं आणि त्याच्या वारसांचं थडगं' अशी असते. यातला कळीचा शब्द 'वारस'. जागा घराण्याच्या नावे घेतली जात असे, म्हणून दगडावरचं साल दर वेळी मृत्यूचंच असेल असं नाही, जागा घेतल्याचंही असू शकतं. ते डोळे झाकून मृत्यूचं साल म्हणून छापू नका.

या दगडांचे दोन शत्रू आहेत. पहिला पॉलिशचा ग्राइंडर. शतकानुशतकं पायांखाली झिजलेलं अक्षर एक-दीड मिलिमीटरच खोल उरलेलं असतं आणि ग्राइंडर दोन फेऱ्यांत तेवढं काढतो. दुसरा व्हिट्रिफाइड टाइल. तिच्याखाली दगड राहिला तरी सिमेंटच्या थरात बसतो आणि पुन्हा सुटा होताना फुटतो. वाचता यावं म्हणून खडू, पीठ, चुना भरण्याची सवयही वाईट. कण रंध्रांत बसतात आणि अंदाजाने भरलेल्या रेषा पुढच्या वाचणाऱ्याला मूळ वाटतात. तारेचा ब्रश आणि ॲसिड यांचं नावच नको.

खरी युक्ती उजेडाची आहे. रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद करा. कॅमेरा तिवईवर, दगडाच्या बरोबर वर, अजिबात न हलवता. एक चांगली विजेरी दगडाच्या कडेला, जवळजवळ फरशीला टेकवून, १० ते १५ अंशांच्या आडव्या उजेडात धरा आणि फोटो घ्या. मग तीच विजेरी दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या, चौथ्या. दुपारच्या उजेडात कोरा दिसणारा दगड या आडव्या प्रकाशात बोलू लागतो: आधी चौकटीची रेघ, मग क्रूस, मग ओळींच्या टोकाची अक्षरं, आणि चार फोटो शेजारी ठेवले की मधला शब्दही. एका दगडाला वीस मिनिटं लागतात. दगड हलवायचाच असेल तर आल्तारच्या पायरीच्या दोन कोपऱ्यांपासून त्याच्या प्रत्येक कोपऱ्याचं अंतर मोजून नकाशावर मांडा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते बाणाने दाखवा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलने क्रमांक टाका. वाचन झालं की डॉ. गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातल्या उताऱ्यांशी ताडून पाहा. तेव्हा पूर्ण असलेले काही लेख आज तुटलेले असू शकतात. तिथे त्यांचं वाचन हाच आधार उरतो.

चर्चच्या बाहेरचे कागद कुठे शोधायचे हे आपलं चर्च कोणत्या काळात कुणाच्या अखत्यारीत होतं यावर ठरतं, आणि इथेच समित्या भरकटतात. पोर्तुगीज काळातला पत्रव्यवहार पणजीच्या गोवा अभिलेखागारात आहे, त्यातली मोंसोइंश दु रेइनु ही मालिका, म्हणजे दर मान्सूनला लिस्बनशी जहाजाने होणारी पत्रांची देवघेव, आधी पाहावी. पोर्तुगीज महसूल अधिकारी सिमांव बोतेल्यु यांनी १५५४ मध्ये लावलेल्या महसुली नोंदींत वसईचं उत्पन्न आहे. १७३९ नंतरचं मोडी दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तरात. '१७३९ नंतर सगळं जळालं' असं स्मरणिकांमध्ये एकमेकांवरून उतरवलं जातं. पेशवाईत इथे धर्मगुरू होते, मिस्सा होत होती, जमिनींचे व्यवहार होत होते, आणि त्याचे कागद असतील तर तिथे. त्यासाठी मोडी वाचणारा माणूस लागतो, पोर्तुगीज वाचणारा नाही. पुढे पोप आणि पोर्तुगाल यांच्या १८८६ च्या करारानंतर वसई दमणच्या धर्मप्रांतात गेली आणि १९२८ मध्ये तो मोडून इथली धर्मग्रामं मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला मे १९९८ मध्ये. म्हणून १९०० सालच्या बांधकामाची परवानगी मुंबईच्या दफ्तरात शोधून मिळाली नाही तर ती नव्हतीच असं समजू नका. ती दमणच्या कागदांत असेल. जमिनीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातले जुने गावनकाशे आणि फेरफार काढा. चर्च मूळ जागेवरून हललं असेल तर रिकाम्या जागेचं नाव तिथे सापडतं. १८८२ चं ठाणे गॅझेटियर पाहाच, पण तेही तेव्हाच्या ऐकीव माहितीवर बरंच विसंबलेलं आहे हे ध्यानात ठेवून.

घंटांबद्दल एक स्पष्ट सांगणं. वसईच्या मोहिमेनंतर इथल्या चर्चांच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या हे खरं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे, वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७. पण त्यांतली एखादी 'आमच्याच चर्चची' असं लिहायला घंटेवर चर्चचं नाव किंवा ताडून पाहता येईल असा कागद हवा. त्यापेक्षा आपल्या मनोऱ्यावर आज टांगलेल्या घंटेची नोंद करा: तोंडाचा व्यास, उंची, ओठाजवळची जाडी, ओतीव अक्षरं, क्रूसाची आकृती. कांस्याच्या घंटेचा व्यास एक मीटर असेल तर वजन साधारण ६०० किलो धरतात. व्यास निम्मा झाला की वजन आठव्या हिश्श्यावर येतं. टांगणीच्या तुळईची मजबुती यावर ठरवायची असते. लोळी (घंटेतला लोलक) वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून तिथे खड्डा पडतो आणि तिथूनच तडा जातो. घंटा पाव फेरा फिरवून टांगली की आयुष्य वाढतं. तडा गेलेल्या घंटेला वेल्डिंग करू नका. साधं वेल्डिंग केलं की तडा पुढे सरकतो.

दुरुस्तीवर आता थोडक्यात. जुन्या भिंती दगड-विटांच्या आणि चुन्याच्या आहेत. त्या ओल शोषतात आणि सोडतात. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑइल पेंट लावला की ओलीला वाट उरत नाही, ती वर चढते आणि खारासकट जिथे जागा मिळेल तिथे फुगवटा धरते. ओल झाकायला तीन फूट उंच टाइलची पट्टी लावली की पुढच्या पावसाळ्यात डाग बरोबर टाइलच्या वर, जमिनीपासून चार फुटांवर येतो. उपाय चुन्याचाच आहे: भिजवून निदान महिनाभर मुरवलेल्या चुन्याला तीन पट धुतलेली वाळू, ओलीच्या जागी वाळूचा काही भाग काढून सुरखी म्हणजे विटांची भुकटी. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर तरी. घाई केली की जाळीसारखे तडे जातात आणि दोष चुन्यावर येतो. समुद्राची वाळू वापरू नका. वर सफेदी पातळ, चार-पाच हातांची. पण त्याआधी जुन्या गिलाव्याचा हाताएवढा तुकडा थर मोडू न देता काढून, जागा लिहून, पिशवीत ठेवा. रंगाचे किती थर होते हे त्याच्या कडेवर दिसतं.

आल्तारबद्दल आम्हाला सर्वाधिक चिंता वाटते. सागवानी नक्षीवर खडू-सरसाचा पांढरा थर, त्यावर तांबड्या मातीचा आणि त्यावर सोन्याचा वर्ख, अशी ती जुनी कामगिरी. झिजलेल्या कोपऱ्यावर लालसर दिसलं तर वर्ख असल्याची ती चांगली खूण आहे. दर जुबिलीला त्यावर डब्यातला सोनेरी रंग फासला जातो. तो पितळेच्या भुकटीचा असतो आणि काही वर्षांत काळपट पडतो, मग आणखी एक हात. खालची नक्षी बुजत जाते. कॉस्टिकने किंवा पेंट रिमूव्हरने 'साफ' करायला दिलं तर वर्ख आणि त्याखालचे थर एका दुपारी संपतात. चर्चच्या कायद्यातलं कलम ११८९ सांगतं की जुन्या किंवा मोलाच्या प्रतिमा बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय आणि जाणकारांचा सल्ला घेतल्याशिवाय दुरुस्तीला काढू नयेत. ही परवानगी घेतल्याचं पत्र दफ्तरात आहे का, हे पॅरिश कौन्सिलने विचारायला संकोचू नये. दाता कितीही मोठा असो.

ज्यांनी लॅटिन मिस्सा पाहिली आहे अशी माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आल्तारचा कठडा कधी निघाला, प्रवचनाचा उंच मंच कुठल्या खांबाला होता, दफन चर्चच्या आत शेवटी कधी झालं, हे त्यांना ठाऊक आहे आणि कुठल्याही वहीत नाही. 'जुन्या काळचं काहीतरी सांगा' असं विचारू नका. त्यांना चर्चमध्ये आणा, जागेवर उभं करा आणि 'इथे काय होतं?' एवढंच विचारा. पंखा बंद करून फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि बोलणं कादोडीत असो, वाडवळीत असो की कोळ्यांच्या बोलीत, ते तसंच उतरवा. शेतांची, पाणवठ्यांची, क्रूसांची नावं प्रमाण मराठीत 'सुधारली' की ती जुन्या नकाशाशी जुळत नाहीत.

आता ठरावाचं. पुढच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एवढं मंजूर करावं: एक, नोंद पूर्ण झाल्याचं लेखी मिळेपर्यंत फरशी, गिलावा आणि आल्तार यांना हात लावायचा नाही. दोन, कंत्राटात अट घालायची की काम चालू असताना अक्षर, कोरीव दगड, हाड, नाणं किंवा जुनी कमान लागली तर त्या जागेचं काम थांबेल, आणि थांबलेल्या दिवसांची मजुरी समिती देईल. ही शेवटची ओळ नसली तर कंत्राटदार काहीही सापडल्याचं सांगत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. तीन, स्मरणिकेच्या एकूण खर्चातला ठरावीक हिस्सा वह्यांच्या छायाचित्रणाला राखून ठेवायचा. चार, वह्यांची यादी दोन सह्यांनी तयार करायची आणि धर्मगुरूंची बदली होताना ती यादी ताडूनच ताबा द्यायचा. वह्या गहाळ होण्याचा सर्वात मोठा धोका बदलीच्या त्या आठवड्यात असतो.

वह्या मात्र जून ते सप्टेंबर बाहेर काढू नका. दमट हवेत कपाट रोज उघडलं की कागद ओल धरतो आणि बुरशी महिन्याभरात दिसते. पावसाळ्यात ध्वनिमुद्रणं आणि पणजी-पुण्याचा पत्रव्यवहार उरका, दिवाळीनंतर वह्या, थंडीत रात्रीचे दगडांचे फोटो. चुन्याचं काम त्याच्या पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू करा. त्या वेळापत्रकात सणाची तारीख बसत नसेल तर सण ठरल्या दिवशी साजरा करा आणि रंगकाम मागाहून करा.

आपले,
वसईतल्या जुन्या नोंदी आणि वास्तू यांवर काम करणारे काही जण